सशाची एक जादा पिसू

एका जंगलात पिसवा मोजायची पद्धत होती.

हसू नका. तुमच्याकडे मार्क मोजतात, त्यांच्याकडे पिसवा मोजत. फरक एवढाच, की पिसवा खऱ्या असतात.

सगळ्या पिसवा मोजायच्या नाहीत हं. पोटावरच्या, पाठीवरच्या पिसवांना कुणी विचारत नसे. शेपटीवरच्या तेवढ्या मोजायच्या. आणि शेपटीवर पाहिजेत आठ. सात नकोत, नऊ नकोत. आठ. आठच का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर नियम कडक पाळला जाई.

ज्यांच्या शेपटीवर जन्मापासून आठ होत्या, असे मोजके बगळे होते. ते तळ्यामधल्या खडकावर एका पायावर उभे राहत. कुणाच्या लग्नाला जात नसत, कुणाच्या मयताला जात नसत. कुणाला काही देत नसत, कुणाकडून काही घेत नसत. जंगलात त्यांना फार मान. काहीच न करणाऱ्याला केवढा मान मिळतो, ते मोठे झालात की तुम्हीही बघाल. त्यांच्यात हेलियम नावाचा एक बगळा होता. त्याच्या शेपटीवर दोनच पिसवा. तरी तो आठवाल्यांच्या रांगेत उभा. वशिला.

बाकीच्या जनावरांचे दोन तट. धातू आणि अधातू.

धातू म्हणजे ज्यांच्या शेपटीवर एखाददुसरी पिसू, आणि ती कधी एकदा जाते असं झालेलं. अधातू म्हणजे ज्यांच्याकडे सहा किंवा सात, आणि राहिलेली कुठून मिळते म्हणून दुसऱ्याच्या शेपटीकडे डोळे लावून बसलेले. आणखीही काही जनावरं होती, ती पिसवा मधे ठेवून दोघांत मिळून मोजत. ती समजूतदार मंडळी. समजूतदार मंडळींची गोष्ट होत नाही, म्हणून ती इथे नाही.

आपला ससा धातूंपैकी. त्याचं नाव सोडियम. सशाचं नाव सोडियम कसं, हे त्याच्या आईला विचारा.

सोडियमच्या शेपटीवर एकच पिसू होती. शेपूट बोराएवढी, तिच्यावर ती एकटी. दिवसभर टणाटण उड्या मारायची. ती उडाली की हा उडायचा. जेवता जेवता उडायचा, झोपेत उडायचा. आणि अंगाने इतका मऊ, की गवताचं पातं घासलं तरी कापला जाई.

हे सगळं चाललं असतं. खरी भानगड पाण्याची होती.

सोडियमच्या घराण्यात पाण्याने मेलेले पुष्कळ. बुडून नव्हे. पेटून.

त्याच्या आजोबांनी एकदा तळ्यात उजवा पाय घातला. फसफस झाली, धूर निघाला आणि भक्कन पिवळा जाळ झाला. आजोबांचे दोन कान तेवढे पलीकडच्या काठाला सापडले. काकाचं तसंच. काकाने तर नुसतं ओलं गवत खाल्लं होतं.

म्हणून सोडियमची आई त्याला रॉकेलच्या पिंपात ठेवायची. जंगलात रॉकेल कुठून आलं, असं विचारणाऱ्याने उठून घरी जावं.

पिंपात बसून सोडियम दोन कान आणि दोन डोळे बाहेर काढी. समोर तळं. भर उन्हाळ्यात रानडुकरं तळ्यात लोळत. हरणं गळ्यापर्यंत आत जात. माकडं तर उगाच एकमेकांना ढकलून देत. सोडियम बघत राही.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. एकदा, एकदाच, तळ्यात डोकं बुडवायचं होतं. राज्य नको, गाजर नको. डोकं बुडवायचं.

"आई, पाणी कसं असतं गं?"

"ओलं."

"रॉकेल पण ओलंच असतं."

"मग झालं की. बस त्यात."

आईचं आणि त्याचं रोज एवढंच बोलणं व्हायचं.

एक दिवस टिटवीमावशी आल्या. त्या वधूवर सूचक मंडळ चालवत. दुसऱ्याच्या घरात काय कमी आहे आणि काय जादा आहे, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळे. असा पक्षी प्रत्येक जंगलात एक असतो.

त्यांनी सोडियमला कान धरून पिंपाबाहेर काढला. शेपूट उलटसुलट बघितली.

"एक जादा," त्या म्हणाल्या. "चांगलंय. एकवाल्यांना मागणी आहे, वहिनी. दोनवाल्यांचं बसत नाही. तो कॅल्शियम बोकड बघा. दोन जादा. शेवटी एका मांडवात दोन पोरी उभ्या कराव्या लागल्या. शेजारणी अजून बोलतात."

"पण मुलगी कोण?" आईने विचारलं.

"रानमांजर. नाव क्लोरीन. शेपटीवर सात."

आईच्या मिशा ताठ झाल्या. "ती पिवळट हिरवी? वास मारते ती? अहो, परवा ती ओढ्याकाठनं गेली, तर माकडांचं टोळकंच्या टोळकं खोकत खोकत झाडावरून पडलं!"

"तो वास सातचा आहे, वहिनी. आठ झाल्या की जातो. स्वभाव बदलतो."

"आणि नाही बदलला तर?"

"तर तुमच्या पोराच्या अंगाला तरी कुठे अत्तराचा वास येतोय?"

रॉकेलवाल्यांना इथे बोलायला जागा नसते.

सोडियमने मान वर केली. "मावशी, पिसू दिली की मला पाण्यात जाता येईल?"

"अरे, पेटते ती पिसू. तू नव्हे. पाणी दिसलं की तीच आधी उडी घेते आणि तुला घेऊन जाते. ती गेली की तुला पाणी म्हणजे नुसतं पाणी."

"मग मला चालेल."

"मुलगी बघायची नाही?"

"बघतो की. पण चालेल."

"एक पद्धत सांगून ठेवते," टिटवीमावशी आईला म्हणाल्या. "लग्नात नाव बदलायचं ते घेणाऱ्याचं. तेसुद्धा सगळं नाही, शेवट तेवढा. क्लोरीनची क्लोराइड होणार. देणाऱ्याचं नाव आहे तेच राहतं. तुमचा सोडियम तो सोडियमच."

"हे बरं आहे," आई म्हणाली. एवढ्यावर तिचं समाधान झालं. मुलाकडच्यांचं फार थोड्यात समाधान होतं, फक्त ते थोडं आपल्या बाजूचं असावं लागतं.

दोन दिवसांनी बघण्याचा कार्यक्रम झाला. क्लोरीन बहिणीला घेऊन आली. या रानमांजरी दोघी दोघीच फिरत, शेपटीत शेपूट अडकवून. एकीची एक पिसू, दुसरीची एक पिसू, दोघींच्या मधे ठेवायची आणि दोघींनी आपल्याच म्हणून मोजायची. त्यावर वेळ मारून न्यायची. पण डोळे दुसऱ्यांच्या शेपटीवर.

आईने करवंदं पुढे ठेवली. सोडियमने नाक दाबून विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

"आठ," क्लोरीन म्हणाली.

"आणखी काही?"

"आणखी कशाला? आठच."

आईने करवंदं आणखी पुढे सरकवली. मग क्लोरीनने रीत म्हणून विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

"पाणी."

"पितात ते?"

"नाही. बुडतात ते."

"बघा बाई," क्लोरीन बहिणीला म्हणाली, "म्हणजे फार दिवस त्रास नाही."

पसंती झाली.

टिटवीमावशींनी विचार केला. मांडव घालायचाच आहे, तर एका लग्नासाठी कशाला घाला? त्यांनी सामुदायिक विवाह सोहळा जाहीर केला. जंगलातले झाडून सगळे सोडियम घराण्यातले ससे, झाडून सगळ्या क्लोरीन घराण्यातल्या रानमांजरी. मोजायला कोल्हा बसवला. तो तीन दिवस मोजत होता. चौथ्या दिवशी त्याने वहीत 'भरपूर' असं लिहिलं आणि सही केली.

जागा ठरली तळ्याच्या काठचा उंच कातळ. सोडियमला धडकी भरली. "पाण्याच्या एवढ्या जवळ?"

"फोटो चांगले येतात," टिटवीमावशी म्हणाल्या.

प्रमुख पाहुणे म्हणून वाघोबा आले. त्यांनी त्यागावर भाषण केलं. म्हणाले, जगात देण्यासारखं सुख नाही. बोलताना ते पुढच्या रांगेतल्या हरणाकडे बघत होते. हरणाने टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतंय कुणाला?

लग्न लावायला म्हातारं कासव होतं. अंतरपाट धरला. एका बाजूला ससे, दुसऱ्या बाजूला रानमांजरी. कासवाने 'सावधान' म्हटलं. अंतरपाट खाली आला.

एकूण एक पिसू उडाली.

कुणी ढकलली नाही, कुणी ओढली नाही. समोर सात दिसल्या आणि पिसू गेली. भक्कन पिवळा उजेड पडला. अशी धग निघाली, की फोटो काढणाऱ्या अस्वलाच्या भुवया गेल्या. अस्वलाला भुवया असतात का? तेव्हा होत्या.

धूर विरला. सोडियमने स्वतःकडे बघितलं. तो आक्रसून निम्मा झाला होता. शेपूट रिकामी. टणाटण बंद. आणि वरची पिसू गेल्यामुळे आता पाठीवरच्या दिसायला लागल्या होत्या. शेपूट रिकामी झाली की पाठीवरच्या मोजायच्या, असा पोटनियम होता. त्याने मोजल्या. आठ. परत मोजल्या. आठच.

"म्हणजे माझ्याकडे आठ होत्याच?" तो ओरडला. "इतकी वर्षं?"

"होत्या की," टिटवीमावशी म्हणाल्या. "पण त्यांच्यावर एक बसली होती ना."

तिकडे क्लोरीन फुगून दुप्पट झाली होती. हिरवा रंग गेला, वास गेला. तोंडावर अशी शांती, जशी जेवून उठलेल्या माणसाच्या तोंडावर असते. तिला कुणीतरी क्लोरीन म्हणून हाक मारली, तर तिने बघितलंसुद्धा नाही. क्लोराइड म्हटल्यावर बघितलं.

मग कासव कुंकू घेऊन एकेकाच्या कपाळावर खुणा काढत निघालं. सशांना अधिकची खूण. रानमांजरींना उण्याची.

सोडियमने कासवाचा पाय धरला. "भटजी, काहीतरी उलटं झालंय. मी तर दिली. माझी एक कमी झाली. मला अधिक कसं?"

"शास्त्र आहे."

"आणि तिची एक वाढली. तिला उणं?"

"शास्त्र आहे म्हटलं ना! पोरा, मागे भरपूर उभे आहेत. कपाळ पुढे कर."

सोडियमने कपाळ पुढे केलं. त्याला त्या खुणेशी काय करायचं होतं? त्याचं लक्ष खाली तळ्यावर. दहा पावलं उतरलं की पाणी. आता पिसू नाही, भीती नाही. तो वळला. एक पाय उचलायला गेला.

पाय उचलला जाईना.

उजवीकडे क्लोराइड चिकटली होती. दोरी नव्हती, डिंक नव्हता. अधिकच्या खुणेला उण्याची खूण दिसली आणि ती ओढली गेली, बस. सोडियमने डावीकडे अंग काढून बघितलं. डावीकडे आणखी एक रानमांजर चिकटली. मग पुढून एक. मागून एक. एक डोक्यावर येऊन बसली. एक पायाखाली घुसली.

सहा झाल्या. सातवीला जागा नव्हती, म्हणून थांबलं.

"तुम्ही कोण?" सोडियमने डावीकडचीला विचारलं.

"क्लोराइड."

"आणि तुम्ही हो, डोक्यावरच्या?"

"क्लोराइड."

"मग माझी कुठली?"

"म्हणजे काय?"

"माझी पिसू जिने घेतली ती कोण?"

सहाही जणींनी आपापल्या शेपट्या बघितल्या. सगळ्यांच्या शेपटीवर आठ.

"आठांतली तुझी कुठली, ते कसं ओळखायचं?" पायाखालची म्हणाली. "तिच्यावर नाव घातलं होतंस का?"

"नाही."

"मग? कदाचित तुझी पिसू पार तिकडे चाळिसाव्या रांगेतल्या कुणाकडे असेल. मला काय माहीत?"

"तरी तुम्ही मला धरलंय?"

"तुझ्या कपाळावर अधिक आहे. आम्हाला तेवढं पुरतं."

उजवीकडची तीच आपली बघितलेली मुलगी असावी, असं सोडियमला वाटलं. त्याने जरा मान वाकडी करून बघितलं. तिलाही सहा ससे चिकटलेले. आणि त्या प्रत्येक सशाला सहा रानमांजरी. आणि त्या प्रत्येकीला सहा ससे. असं कातळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ससा, रानमांजर, ससा, रानमांजर. आडवं बघा, उभं बघा, वरखाली बघा. कोपरे असे काटकोनात, की सुताराने मापाने कापावेत.

टिटवीमावशी वर घिरट्या घालून मोजणी करत होत्या.

"मावशी!" सोडियम ओरडला. "माझी जोडी कुठेय?"

"कसली जोडी?"

"पत्रिकेवर छापलं होतं ना! सोडियम क्लोराइड. एक तो, एक ती."

"ते प्रमाण आहे रे. जितके ससे तितक्या रानमांजरी, एकास एक, कुणी उरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जोडी लावून देते असं मी कधी म्हटलं?"

"मग लग्न कुणाशी झालं माझं?"

"सगळ्यांचं मिळून एकच झालंय. किती छान दिसतंय वरून! एकही रांग वाकडी नाही." आणि त्या पेढे आणायला निघून गेल्या.

ही सोडियमची चूक. त्याला वाटलं, आपण एकाला दिलं म्हणजे एकाचे झालो. सगळे असंच समजून मांडवात उभे राहतात.

दिवस गेले. महिने गेले. सोडियम कातळावर घट्ट. दहा पावलांवर तळं. पिंपात होता तेव्हा निदान कान तरी हलवता येत होते. आता कानावरही रानमांजर.

एकदा वणवा लागला. बांबूचं बन जळलं, माकडांची वस्ती जळली. सोडियमला आशा वाटली, आता तरी हे सुटतं. वणवा कातळावरून गेला. रांगेतलं कुणी केसभर हललं नाही. सगळे जरा गरम झाले आणि परत थंड झाले.

एकदा आई आली. ती पाण्याच्या बाजूने येऊ शकत नव्हती, म्हणून लांबच्या टोकाला उभी राहिली. तिने शेवटच्या रांगेतल्या सशाला निरोप दिला. "माझ्या पोराला विचार, जेवलास का?"

"काकू, मी जागचा हलू शकत नाही," तो ससा म्हणाला.

"हलायला कोण सांगतंय? पुढच्याला सांग. पुढचा त्याच्या पुढच्याला सांगेल."

"पुढची रानमांजर आहे. ती माझं ऐकत नाही, मला नुसती धरते."

निरोप शेवटच्या रांगेतच राहिला. एवढी मोठी जमात, एवढी घट्ट बांधलेली, आणि या टोकाचं त्या टोकाला काही पोचत नाही. आई डब्यात आणलेली गाजरं तिथेच ठेवून परत गेली. ती माकडांनी खाल्ली.

सोडियम तळ्याकडे बघत राहिला. उजवीकडची एक दिवस वैतागून म्हणाली, "सारखं काय बघतोस तिकडे?"

"पाणी."

"आठ आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत."

"मग आणखी काय पाहिजे?"

"डोकं बुडवायचंय."

"वेडा आहेस. आठ असलेल्याला काही पाहिजे असतं का? त्या बगळ्यांकडे बघ."

"त्यांच्याकडेच बघतोय. सगळे तळ्यात उभे आहेत."

तिला त्याला सोडताही येत नव्हतं आणि तिचं त्याच्यावाचून अडतही नव्हतं. त्याच्या जागी दुसरा ससा असता तरी तिने तसाच धरला असता. हे तिने त्याला एकदा सांगितलंही होतं, कौतुक म्हणून.

शेवटी सोडियमने टिटवीमावशींकडे सोडचिठ्ठी मागितली.

"मिळेल की," मावशी म्हणाल्या. "सहाजणींच्या नावाने सहा वेगळे अर्ज कर."

"सहाजणींचं नाव एकच आहे."

"मग अवघड आहे. एकाच नावाचे सहा अर्ज चालत नाहीत."

असं तीन वर्षं चाललं.

मग गवा आला.

गवा म्हणजे पुंडलिकअण्णा. वजनाला चाळीस रेडे. हुशारीला अर्धा. त्यांची तळ्यावर जायची वाट त्याच कातळावरून जात होती. इतकी वर्षं ते वळसा घालून जात. त्या दिवशी त्यांचं बायकोशी भांडण झालं होतं, म्हणून वळसा घालायचा नाही असं त्यांनी ठरवलं.

"बाजूला व्हा," अण्णा म्हणाले.

"होता येत नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

"कुणाचं लग्न आहे?"

"आमचं."

"किती वर्षं चाललंय?"

"तीन."

"जेवणं झाली का?"

"झाली."

"मग लोकांनी घरी जायचं असतं!" असं म्हणून अण्णांनी वरून एक लाथ घातली. काही झालं नाही. त्यांच्याच खुरात कळ आली. त्यांनी वर उभं राहून उड्या मारल्या. सोडियमचा जमाव तसाच. घट्टपणाला काही कमी नव्हतं.

अण्णा चिडले. त्यांनी शिंग लावलं आणि बाजूने एक ढुशी दिली. आडवी.

वरचा अर्धा थर सरकला. किती? एकच घर. एका सशाएवढा.

तेवढ्याने घात झाला. आतापर्यंत प्रत्येक सशाच्या डोक्यावर रानमांजर होती. थर एक घर सरकल्यावर सशाच्या डोक्यावर ससा आला. रानमांजरीच्या डोक्यावर रानमांजर आली. अधिकसमोर अधिक, उण्यासमोर उणं.

"ए, तू कोण इथे?" सोडियमने पायाखाली बघून विचारलं.

"सोडियम."

"सोडियम तर मी आहे!"

"मग मी काय गाजर आहे?"

"सरक तिकडे!"

"तू सरक!"

नात्यातले होते. दोघांच्या अंगात एकच गुण. त्यामुळे एक क्षण पटेना. दोघांनी एकमेकांना ढकललं. असं सगळ्या थरात एकदम झालं. तीन वर्षं वणव्याला न हललेला जमाव काडकन आडवा फुटला. चीर इतकी सरळ, की आरशासारखी. वरचा अर्धा भाग कातळावरून घसरला आणि सोडियमसकट तळ्याकडे निघाला. सोडियमच्या पायाखालचा नातलग कातळावरच राहिला, पण बाकीच्या रानमांजरींनी सोडियमला धरून ओढत नेलं.

दहा पावलं राहिली. आठ. पाच.

आता मात्र सोडियमला आजोबा आठवले. आजोबांचे कान आठवले. टिटवीमावशी म्हणाल्या होत्या, पेटते ती पिसू. पण टिटवीमावशी तर जोडी लागते असंही वाटू देत होत्या. बाईचं खरं कितपत धरायचं? त्याने डोळे घट्ट मिटले. "आई गं," तो म्हणाला.

धपकन सगळे पाण्यात पडले.

फसफस नाही. धूर नाही. जाळ नाही.

सोडियमने एक डोळा उघडला. अंग ओलं होतं. रॉकेलने होतं तसं नव्हे. गार ओलं. कानात पाणी गेलं होतं. नाकात पाणी गेलं होतं. त्याला शिंक आली आणि ती पाण्यातच विरली.

तेवढ्यात तळ्यातले बेडूक धावले. या बेडकांचा एक गुण. त्यांचं तोंड उण्याच्या बाजूचं आणि मागचे दोन पाय अधिकच्या बाजूचे. ससा दिसला की ते तोंड लावत. रानमांजर दिसली की पाठ फिरवून मागचे पाय लावत. पाच-सहा बेडकांनी सोडियमला तोंडं लावली आणि ओढलं. पाच-सहा बेडकांनी क्लोराइडला पाय लावले आणि ओढलं. वणव्याला जमलं नाही ते बेडकांनी गप्पा मारत केलं. एकेक ससा सुटला. एकेक रानमांजर सुटली. बघता बघता जमाव पाण्यात दिसेनासा झाला.

"सोडा मला," सोडियम बेडकांना म्हणाला. सवयीने म्हणाला.

"हा घे, सोडला," एक बेडूक म्हणाला आणि गेला. त्याच्या जागी दुसरा आला. तो पण थोड्या वेळाने गेला. सोडियमला हे फार आवडलं.

दुपारी हरीण पाणी प्यायला आलं. एक घोट घेतला आणि थूः केलं.

"पाण्यात कोण मेलंय?"

"मेलं नाही, लग्नातली मंडळी आहेत," बेडूक म्हणाला.

"खारट लागतंय!"

जंगलात आरडाओरडा झाला. वाघोबांनी चौकशी समिती नेमली. पुंडलिकअण्णा म्हणाले, मी फक्त वाट मागितली. माकडांनी उकडलेले कंद तळ्यात बुडवून खाल्ले आणि म्हणाले, असू दे, बरं लागतंय. एक पेटणारा ससा आणि एक खोकवणारी रानमांजर, दोघं मिळून कंदाला चव येते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टिटवीमावशींच्या मात्र लगेच आलं. त्यांनी मंडळाच्या पाटीवर 'आमच्याकडे जमलेली स्थळे आजही चवीने आठवली जातात' असं लिहून घेतलं.

बातमी पिंपापर्यंत पोचली. आई धावत आली. पाण्यापासून वीस पावलं लांब उभी राहिली. तिच्या शेपटीवर तिची पिसू होती ना.

"सोडियम!" तिने हाक मारली.

कातळावर तिचा निरोप एक रांग पुढे गेला नव्हता. पाण्यात मात्र हाक सर्रकन या काठापासून त्या काठापर्यंत गेली.

"ओ!" भरपूर ससे एकदम म्हणाले.

आई दचकली. टिटवीमावशी शेजारी येऊन बसल्या.

"वहिनी, नाव सगळ्यांचं एकच. आता तुमचा कुठला, हे ब्रह्मदेवाला सांगता यायचं नाही."

"गप्प बसा हो जरा," आई म्हणाली. तिने कान टवकारले आणि परत हाक मारली. "सोडियम!"

"ओ!"

आईने मान हलवली. तिच्या मिशा सैल झाल्या.

"आहे," ती म्हणाली. "बरा आहे."

"कशावरून?"

"एक ओ कमी आहे. माझं कार्टं पहिल्या हाकेला कधी ओ देत नाही. दुसऱ्यालाही नाही."

"एवढ्या कालव्यात एक ओ कमी आहे ते तुम्हाला ऐकू आलं?"

"तुमची अंडी उघड्यावर पडलेली असतात, मावशी. तुम्हाला नाही कळायचं."

आणि ती पिंपाकडे परत गेली.

सोडियमने हाक ऐकली नव्हती. त्याचं डोकं पाण्याखाली होतं.

तात्पर्य : आपल्या अंगावरची पिसू उचलावी आणि दुसऱ्याच्या अंगावर टाकावी. याला त्याग म्हणतात, आणि त्यासाठी कपाळावर अधिकची खूण मिळते. ज्याच्या अंगावर ती पडली, तो आभार मानत जन्मभर सोडत नाही. तेव्हा जवळपास पाणी आणि एक चिडका गवा आहे ना, एवढं आधी बघून ठेवावं.